परांचीवरचा माणूस : सातारा-सांगलीच्या बांधकामांतील सुरक्षेच्या शिकवणीचा इतिहास

सातारा शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर लिंब गावच्या शिवारात बारा मोटांची विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट. शिलालेखात बांधविणाऱ्या बाईंचे नाव आहे, शक आहे. खणणाऱ्यांची नावे नाहीत. ती कुठल्याच शिलालेखात नसतात, म्हणून आपल्याला त्याचे नवलही वाटत नाही.

पण काठावर उभे राहून खाली डोकावले की एक साधा प्रश्न मनात येतो. या खड्ड्यात उतरून काळा पाषाण फोडणाऱ्या माणसाला, दगड कुठून सुटेल, कुठे उभे राहू नये, दोर केव्हा बदलावा, हे कोणी शिकवले असेल? आणि तीनशे वर्षांनंतर याच जिल्ह्यात तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर उभ्या असलेल्या गवंड्याला ते कोण शिकवते?

या दोन प्रश्नांच्या मधला इतिहास हा या लेखाचा विषय आहे. तो तपासताना एक क्रम स्पष्ट दिसतो. मजूर पडला तर त्याची किंमत काय, हे कायद्याने सर्वांत आधी ठरवले. तो पडू नये म्हणून काय व्यवस्था असावी, हे बऱ्याच वर्षांनी ठरवले. आणि पडू नये कसे, हे त्याला शिकवण्याचे काम सर्वांत शेवटी हाती घेतले. ते अजून पुरे झालेले नाही.

घराण्यातली विद्या

कृष्णाकाठचे घाट, वाई-मेणवलीची दगडी कामे, गडांचे तट, गावोगावच्या विहिरी ही सारी कामे वडार, पाथरवट, बेलदार, गवंडी यांच्या हातची. या मंडळींचे शिक्षण घरातच होई. पोर आधी चुना मळायला लागे, मग दगड उचलून द्यायला, मग ओळंबा धरायला. थापी हातात यायला वर्षे लागत. या वर्षांत त्याला जे शिकायला मिळे त्यात कसब आणि सावधगिरी वेगवेगळी नसत. हातोडीने दगडावर ठोका मारून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजला तर दगड पक्का, बद्द वाजला तर आत भेग. ही परीक्षा दगड घडवताना उपयोगी पडे आणि खाणीच्या कड्याखाली उभे राहावे की नाही हे ठरवतानाही. आजही बोगद्यात छताचा दगड पहारीने ठोकून पाहतात, ती हीच जुनी परीक्षा.

जुन्या विटांच्या किंवा दगडांच्या भिंतीत कधी कधी ठरावीक अंतरावर चौकोनी भोके दिसतात. तिथे आडवे वासे घालून परांची बांधलेली असे. काम संपले की वासे काढून भोके बुजवायची. काही तशीच राहून गेली आणि आता त्यांत पारवे राहतात. मजुराच्या सुरक्षेचा एखादा पुरावा जुन्या वास्तूत शोधायचाच झाला तर तो या भोकांत आहे. परांची भिंतीला बांधलेली हवी, नुसती जमिनीवर टेकलेली नको, ही गोष्ट त्या गवंड्यांना ठाऊक होती.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे जातीची चौकट होती, बाई आयुष्यभर पाटीच वाहत असे आणि शिकताना झालेल्या चुकीची शिक्षा हाडे मोडून भोगावी लागे. तिच्यात एक गुण मात्र होता. परांची जो बांधे तोच तिच्यावर चढे. गाठ सैल राहिली तर पडणार आपणच, हे त्याला माहीत असे. पुढच्या दीडशे वर्षांत तुटली ती नेमकी ही सांगड.

ठेकेदार, मुकादम आणि मजूर

एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक बांधकाम खाते आले. पूल, घाटरस्ते, धरणे, बराकी यांची कामे निविदा काढून ठेक्याने दिली जाऊ लागली. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. मुठेवरच्या धरणासाठी त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरवले, पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्या वाटेवरच्या कात्रज बोगद्यासाठी मजूर पुरवले. त्यामुळे बांधकाम खात्यात पैसा कसा झिरपतो आणि मजुरापर्यंत किती पोहोचतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते आणि त्यावर लिहिलेही.

या नव्या पद्धतीत उतरंड तयार झाली. वर इंजिनिअर, मग ठेकेदार, त्याखाली मुकादम, तळाशी मजूर. मजूर आता घराण्यातून येत नव्हता. दुष्काळाने शेत सोडलेला माण-खटावचा कुणबीही खडी फोडायला येत होता. त्याला शिकवायला बाप किंवा चुलता कामावर नव्हता. होता तो मुकादम. मुकादमाकडे माणसे गोळा करण्याचा आणि हजेरी मांडण्याचा अधिकार होता. शिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर कोणीही टाकली नव्हती.

याच काळात गिरण्यांच्या कामगारांसाठी कायदे होऊ लागले. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्या सत्यशोधक पुढाऱ्याने गिरणी कामगारांचे प्रश्न धसास लावले. पण हे कायदे कारखान्याच्या भिंतींच्या आत लागू. बांधकामावर भिंती नसतात, त्या तिथे उभ्या होत असतात. आणि उभ्या झाल्या की मजूर दुसऱ्या गावी गेलेला असतो. म्हणून त्याला कायद्याची वाट फार काळ पाहावी लागली.

आधी भरपाई

बांधकाम मजुराला कवेत घेणारा पहिला महत्त्वाचा कायदा म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. तो वाचताना अंगावर काटा येतो तो त्याच्या परिशिष्टांमुळे. एका परिशिष्टात अवयवांचा हिशोब आहे. हाताचा अंगठा गेला तर माणसाची कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे त्यात पुढे धरले गेले. दोन्ही हात गेले तर शंभर टक्के. दुसऱ्या परिशिष्टात कोणत्या कामावरचा माणूस ‘कामगार’ मानायचा त्याची यादी आहे : एक मजल्याहून उंच किंवा छताच्या टोकापर्यंत बारा फूट भरणारी इमारत, बारा फूट किंवा त्याहून उंच धरण-बंधारा, रस्ता, पूल, बोगदा, कालवा. म्हणजे धोका मोजायला सरकारने फूटपट्टी घेतली. पण बारा फुटांवरून पडू नये म्हणून काय करायचे, याविषयी हा कायदा काही सांगत नाही. तो त्याचा विषयच नव्हता.

आपल्या भागात याला आणखी एक पदर होता. साताऱ्यात १८४८ पासून इंग्रजी अंमल. सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थाने. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानांत आपोआप लागू होत नसे. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. पुरात बोटी अडकून पडणाऱ्या सांगलीला त्या पुलाने कायमचा रस्ता दिला आणि आजही पूर आला की सारे शहर आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी विचारते. पण त्या पुलाचे खांब उभारणारा मजूर आणि काही कोसांवर इंग्रजी मुलुखात पूल बांधणारा मजूर यांचे हक्क एकच असतील, अशी काही खात्री नव्हती. धोका सारखा, नदी एकच, राज्य वेगळे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले, तेव्हा कुठे दोन्हीकडचे मजूर एका कायद्याखाली आले.

कोयना : बोगद्याची शाळा

स्वातंत्र्यानंतर या मुलखातले सर्वांत मोठे बांधकाम म्हणजे कोयना. धरणाची उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरहून थोडी जास्त. धरणापेक्षाही अवघड काम डोंगराच्या पोटात होते. शिवसागराचे पाणी सह्याद्रीखालून पश्चिमेला नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडायचे होते. त्यासाठी पावणेचार किलोमीटरच्या आसपास लांबीचा बोगदा, उभ्या उताराचे दाबविवर आणि खडकात कोरलेली दालने करायची होती.

बोगद्यात काम चक्राने चालते. भोके पाडायची, दारू भरायची, माणसे बाहेर काढायची, बार उडवायचा. मग पंख्यांनी धूर बाहेर जाईपर्यंत थांबायचे. आधी जाणकार माणूस आत जाऊन न उडालेला बार राहिला आहे का ते पाहतो, मग पहारीने छताचे सैल दगड पाडतात, आणि त्यानंतरच मलबा उचलणारे आत जातात. यातली एक पायरी गाळली तर अख्खी पाळी आत अडकू शकते. म्हणून बोगद्यात शिस्त शिकवावीच लागते. तिथे इंजिनिअरही त्याच छताखाली उभा असतो. गाठ बांधणारा आणि परांचीवर चढणारा एकच, ही जुनी सांगड बोगद्यात निराळ्या रूपाने टिकून राहिली.

१३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या चौथ्या टप्प्यात ‘लेक टॅपिंग’ झाले. जलाशयाच्या तळाशी राखून ठेवलेला खडकाचा शेवटचा पडदा सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेतले. २०१२ मध्ये तसाच प्रयोग पुन्हा झाला. धरणाखालच्या खडकाला हात घालताना प्रत्येक माणूस कुठे असेल हे आधी ठरवण्याइतकी समज याच सातारा जिल्ह्यात कमावली गेली. मग ती दुमजली घराच्या स्लॅबपर्यंत का पोहोचली नाही?

त्याचे एक उत्तर शिक्षणाच्या रचनेत आहे. सांगलीत १९४७ साली धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच पुढे वालचंद महाविद्यालय झाले. कऱ्हाडला १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. या दोन संस्थांतून देशभर इंजिनिअर गेले. त्या इंजिनिअरच्या हाताखाली काम करणाऱ्या मिस्त्रीसाठी आणि सुपरवायझरसाठी तितक्या तोलाची सोय झाली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, आणि त्यातून देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला. ज्ञान वरच्या बाजूला भराभर गेले. खाली झिरपायला त्याला वाट नव्हती.

परवाना कोणाला?

साठच्या दशकात सुरक्षेचा विचार देशपातळीवर आकार घेऊ लागला. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तो दिवस आपण आज सुरक्षा दिन म्हणून पाळतो. भारतीय मानक संस्थेने परांची, खोदकाम, सुरुंग, बोगदा यांच्या सुरक्षा-संहिता काढल्या. दीड मीटरहून खोल चरीच्या बाजूंना आधार द्यावा, काढलेली माती काठावर रचू नये, अशा नेमक्या सूचना त्यांत आहेत. सांगलीच्या काळ्या मातीत त्या किती मोलाच्या आहेत हे वेगळे सांगायला नको. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते आणि चरीची उभी बाजू कधी आत येईल याचा नेम नसतो. स्लॅबखालचे टेकू केव्हा काढावेत याचेही कोष्टक आहे : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, सहा मीटरहून लांब तुळईला एकवीस. पण या संहिता इंग्रजीत, छापील, इंजिनिअरच्या कपाटात. सेंटरिंगचे सामान भाड्याने आणलेले असते, त्याचे दिवस मोजून पैसे पडतात. टेकू केव्हा काढायचा हे पुष्कळदा तो भाडेहिशोबच ठरवतो.

इथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. सुरुंगाची दारू हाताळायची तर परवाना लागतो; स्फोटकांचा कायदा १८८४ पासून आहे. विजेची जोडणी करायची तर वायरमनला परीक्षा आहे, परवाना आहे. पण वीस-तीस माणसांचा भार पेलणारी परांची बांधायला कोणतीही परीक्षा नाही. बांधकामावरच्या मृत्यूंत जगभर उंचीवरून पडण्याचा वाटा सर्वांत मोठा असतो, तरी असे आहे. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. दारू आणि वीज यांची भीती सरकारलाही वाटत होती, मालमत्तेचेही नुकसान होत होते. परांची कोसळली तर नुकसान होई ते फक्त मजुराचे.

अमेरिकेत १९३० च्या दशकात हूव्हर धरणावर मजुरांनी आधी स्वतःच कापडी टोप्या डांबरात बुडवून वाळवल्या आणि कठीण टोप्या केल्या. कंपनीने टोप्या पुरवल्या त्या त्यानंतर. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली जाळे बांधले गेले. पडलेल्या एकोणीस जणांना त्याने झेलले. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक परांचीच सुटली, जाळे फाडून खाली गेली आणि दहा माणसे मेली. साधन आणि शिकवण दोन्ही लागतात, एकाने भागत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

मंडळ, उपकर आणि भांडी

महाराष्ट्राने असंघटित कष्टकऱ्यांसाठी एक वेगळी वाट १९६९ साली काढली होती. माथाडी कायदा आला त्यामागे पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. मालक रोज बदलत असला तरी मजुराची नोंद एका मंडळाकडे राहावी, ही त्यातली कल्पना. बांधकाम मजुराची अडचण नेमकी तीच होती.

त्याच्यासाठी देशव्यापी कायद्याची मागणी १९८५ पासून संघटितपणे होऊ लागली. कायदा झाला १९९६ साली. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर, नोंदणी, कल्याणकारी मंडळ आणि सुरक्षेची स्वतंत्र प्रकरणे असा त्याचा आराखडा. महाराष्ट्राचे नियम २००७ साली झाले आणि मंडळ २०११ साली. कायदा झाल्यावर मंडळाला पंधरा वर्षे लागली.

या कायद्यात पाचशे किंवा अधिक मजूर असतील तिथे सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी बंधनकारक होते. महामार्गाचे रुंदीकरण, खंबाटकीचा नवा बोगदा, मोठ्या उपसा सिंचन योजना अशा कामांवर ही अट कामी येऊ शकत होती. पण मिरज, विटा, कऱ्हाड, फलटण इथली बहुसंख्य बांधकामे दहा-पंधरा माणसांची. दहापेक्षा कमी मजूर असतील तर कायदाच लागू नव्हता, आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांच्या आतले बांधकामही वगळलेले. २०२० च्या संहितेने सुरक्षा अधिकाऱ्याची अट अडीचशे मजुरांवर आणली हे बरे झाले. पण घराची मर्यादा पन्नास लाखांवर नेली. पन्नास लाखांच्या आत आमच्या तालुक्यांतली किती घरे बसतात, हे वाचकांनी आपल्याच गल्लीकडे पाहून ठरवावे.

उपकराचा पैसा जमला, पण खर्चाची रीत सापडली नाही. मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रक्कम गोळा झाली आणि मजुरांसाठी म्हणून सुमारे ९,५०० कोटीच वापरले गेले. आपल्याकडे मंडळामार्फत सुरक्षा संच मिळतात, गृहोपयोगी भांड्यांचे संच मिळतात. भांड्यांच्या वाटपाला पहाटेपासून रांगा लागतात. गरीब घरात पातेले कामाला येते, त्या रांगेला हसण्याचा हक्क कोणाला नाही. पण हेल्मेट आणि पट्टा पेटीत बंद राहिला आणि तो कशाला अडकवायचा हे कोणी दाखवले नाही, तर त्या पेटीचा उपयोग धान्य ठेवण्यापुरताच होतो.

दहा मिनिटांचा वर्ग

प्रशिक्षणाचे प्रयत्न आता होत आहेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये बांधकाम मजुरांसाठी ‘निपुण’ योजना जाहीर केली, तिचे उद्दिष्ट एक लाखाहून अधिक मजूर. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर सकाळी काम सुरू होण्यापूर्वी ‘टूलबॉक्स टॉक’ होतो. सगळे गोल उभे राहतात, सुपरवायझर आजचे काम आणि त्यातला धोका सांगतो. पाच-दहा मिनिटे, एकच विषय. पद्धत उत्तम आहे. घराण्यातल्या जुन्या विद्येशी तिचे नाते आहे, कारण तीही कामाच्या जागेवरच दिली जाई.

पण तिला तीन अडचणी आहेत. पहिली भाषेची. सांगलीच्या कामांवर विजापूरकडचे कानडी मजूर असतात, मोठ्या साइटवर बिहार-बंगालचे. मराठीत किंवा हिंदीत सांगून सह्या-अंगठे घेतले की नोंद पुरी होते, शिकवण नाही. दुसरी अडचण बायांची. बिगारी काम करणारी बाई परांचीवर चढून पाटी पोहोचवते, पण ‘कारागीर’ नसल्यामुळे वर्गात तिला मागे उभे करतात.

तिसरी अडचण सुपरवायझरची, आणि ती सर्वांत मोठी आहे. मुकादमाचा तो आजचा वारस. स्लॅब शनिवारी टाकायचा हे वरून ठरलेले असते. टेकू कच्चे आहेत हे दिसूनही काम थांबवण्याचा अधिकार त्याला नसेल, तर त्याला शिकवून उपयोग काय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८८ च्या बांधकाम सुरक्षा कराराने मजुरालाच एक हक्क मानला आहे : गंभीर धोका समोर आहे असे सबळ कारण असेल तर तिथून दूर होण्याचा. आपल्या २०२० च्या संहितेत मजुराला धोका मालकाच्या नजरेला आणून देण्याचा हक्क आहे. सांगण्याचा हक्क आणि बाजूला होण्याचा हक्क यांत फार अंतर आहे, आणि रोजंदारीच्या माणसासाठी ते अंतर म्हणजे एका दिवसाचा पगार.

या अंतराचे परिणाम आपण दूरच्या बातम्या म्हणून वाचतो. जून २०१९ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर उचलणारे यंत्र कोसळले, २० जण गेले. एकेक माणूस पडतो तेव्हा मात्र बातमी जिल्हा पानाच्या तळाशी येते, पुष्कळदा त्याच्या नावाऐवजी ‘परप्रांतीय मजूर’ एवढेच लिहून.

लिंबच्या विहिरीला तीनशे वर्षे झाली. तिच्या पायऱ्या अजून पक्क्या आहेत, म्हणजे ती बांधणाऱ्यांना आपले काम येत होते. तेव्हाची जातीची शाळा परत आणायची नाही, आणूही नये. तिच्यातली एक गोष्ट मात्र आजच्या नियमांत घालता येईल. परांची बांधणाऱ्याला परीक्षा घेऊन परवाना द्यावा, आणि माणसे वर चढवण्यापूर्वी सुपरवायझरने तिच्यावर स्वतः उभे राहून दाखवावे. याला उपकराच्या कोट्यवधींतले फार थोडे पैसे लागतील. घर बांधणारे आपण, वाचकांपैकी पुष्कळजण, ठेकेदाराशी करार करताना फरशीचा रंग आणि नळाची कंपनी लिहून घेतो. त्याच कागदावर परांची कोण बांधणार आणि टेकू किती दिवसांनी निघणार, या दोन ओळी लिहून घेता येतात. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.